संपादकांना मेल करण्याआधी

अगं, तुझा मसुदा वाचला. मेहनत दिसते त्यात, पण तो आहे तसा पाठवू नकोस. आधी मला एक सांग, हा मेल कोण लिहितंय? तू, की तुमची कंपनी? सुरुवातीला तू म्हणतेस की कोल्ड स्टोरेजमधल्या तापमानाच्या सेन्सरवर मला लेख लिहायचा आहे. पुढे तुमच्या लॉगरची, म्हणजे तापमान नोंदवणाऱ्या उपकरणाची, वैशिष्ट्यं सुरू होतात. आणि शेवटी तर ‘अधिक माहितीसाठी आमच्या विक्री विभागाशी संपर्क साधावा’. वाचणाऱ्याला कळत नाही की ही लेखिका आहे की विक्रेती. मासिकाच्या डेस्कवर एवढी शंका आली तरी मेल बाजूला पडतो, कारण तिथल्या माणसाला वाटतं, लेखाच्या नावाखाली जाहिरात आत सरकवताहेत.

तुझ्या मनात तसलं काही नाही हे मला ठाऊक आहे. साहेबांनी सांगितलं, ‘एखाद्या मासिकात आपलं काहीतरी येऊ दे’, आणि तुलाही कॉलेजपासून लिहायची हौस आहे. दोन्ही गोष्टी एकाच मेलमध्ये उतरल्या. दोन्ही कामं चांगली आहेत आणि दोन्ही तुला जमतील. पण ती वेगवेगळी कर, आणि दर वेळी आपण कोणाच्या वतीनं बोलतोय ते पहिल्या ओळीत सांग. डेस्कच्या पलीकडच्या खुर्चीवर मी बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून हे इतकं ठामपणे सांगते.

तिथे काय होतं ते ऐक. तंत्रज्ञानाच्या मासिकाकडे रोज प्रसिद्धिपत्रकांचा ढीग येतो. बरीचशी पीआर एजन्सीनं एका झटक्यात सगळ्यांना धाडलेली असतात. संपादक विषयाची ओळ वाचतो, फार तर पुढची दोन-तीन वाक्यं वाचतो. तेवढ्या वेळात त्याच्या डोळ्यांपुढे त्याचा वाचक असतो. सांगलीत इन्व्हर्टर दुरुस्त करणारा, कोल्हापुरात डिप्लोमाच्या मुलांना शिकवणारी मॅडम, चाकणच्या कारखान्यातला मेंटेनन्सचा माणूस. या लोकांनी अंकाचे पैसे मोजलेले आहेत. तुझा मेल वाचून संपादक स्वतःला एकच विचारतो, यातून माझ्या वाचकाच्या हाती काय लागेल? उत्तर त्याला शोधावं लागलं तर तो शोधत बसत नाही, पुढचा मेल उघडतो.

आधी कंपनीचं काम घेऊ. प्रसिद्धिपत्रकातून ‘क्रांतिकारी’, ‘अग्रगण्य’, ‘अत्याधुनिक’ हे शब्द तूच काढून टाक, नाहीतर डेस्कवरचा उपसंपादक काढणारच आहे. ते काढल्यावर जे उरतं ते नीट लिही. उपकरण काय मोजतं, कशावर चालतं, किंमत किती, कधीपासून आणि कुठे मिळेल, आजवर लोक ज्या पद्धतीनं काम करत होते तिच्यात यानं काय बदललं. आणि एक गोष्ट जी जवळजवळ कोणीच लिहीत नाही: ते कुठे चालत नाही. तुमच्या लॉगरचा रेडिओ सिग्नल कोल्ड रूमच्या पत्र्याच्या पॅनेलमधून बाहेर येताना क्षीण होतो, थंडीत बॅटरीही लवकर उतरते, हे तूच मला सांगितलंस. साहेबांना ते झाकावंसं वाटेल. त्यांना समजाव की ते वाक्य पत्रकात असू द्या, आणि त्यावर तुम्ही काय उपाय केलात तेही लिहा. स्वतःच्या वस्तूची मर्यादा सांगणाऱ्या कंपनीच्या बाकीच्या दाव्यांवर संपादकाचा विश्वास बसतो.

यावर एक जुनी हकीकत सांगते, कारण विक्रेत्यानं मासिकाकडे कसं जावं याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. अमेरिकेत १९७४ साली एड रॉबर्ट्स नावाच्या माणसाची अल्बुकर्कीत ‘एमआयटीएस’ नावाची छोटी कंपनी होती. ती कॅल्क्युलेटरची किट विकायची. मोठ्या कंपन्यांनी कॅल्क्युलेटरचे भाव पाडले आणि हा कर्जात बुडाला. तिकडे ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या मासिकाची वेगळीच अडचण होती. त्यांच्या स्पर्धक ‘रेडिओ-इलेक्ट्रॉनिक्स’नं जुलै १९७४ च्या मुखपृष्ठावर ‘मार्क-८’ नावाचा घरी बनवायचा संगणक छापला होता. पण त्यात वाचकाला मुख्यतः आराखडेच मिळत होते, सुटे भाग ज्यानं त्यानं शोधायचे. पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्सला त्याहून पुढचं काही हवं होतं. रॉबर्ट्स नेमकं ते घेऊन गेला: इंटेलच्या ८०८० या नव्या चिपवर चालणारा, सगळे भाग एका खोक्यात मिळणारा संगणक, ३९७ डॉलरला.

जानेवारी १९७५ च्या अंकाच्या मुखपृष्ठावर तो ‘अल्टेअर ८८००’ झळकला. आतला लेख रॉबर्ट्स आणि त्याचा सहकारी विल्यम येट्स यांनी स्वतःच्या नावानं लिहिला होता. बनवणारेच लिहिताहेत हे उघड होतं, आणि लेखात यंत्र कसं चालतं हे समजावून दिलेलं होतं. नुसतं विकत घ्या म्हणून सांगितलं नव्हतं. रॉबर्ट्सला काहीशे संच खपतील अशी आशा होती; मागण्या हजारोंनी आल्या. हार्वर्ड चौकातल्या पेपरच्या स्टॉलवर पॉल अ‍ॅलननं तो अंक पाहिला आणि धावत जाऊन बिल गेट्सला दाखवला, तिथून मायक्रोसॉफ्टची सुरुवात झाली, हे तुला माहीत असेलच.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे की रॉबर्ट्सकडे स्वतःची गरज होती, आणि त्यानं संपादकाची गरजही ओळखली होती. तुम्हीही मेल पाठवण्याआधी त्या मासिकाचे गेल्या काही महिन्यांचे अंक पुढ्यात घेऊन बसा. काय छापून झालंय, कशाचा पहिला भाग आला आणि दुसरा राहिला, कोणत्या विषयावर वाचकांची पत्रं येताहेत. मग तुमचं उपकरण कुठे बसतं ते दिसेल. कधी दिसेल की बसतच नाही. तेही कळलेलं बरं. खरं सांगू, नाशिकच्या द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजवाल्यांपर्यंत तुम्हाला पोचायचं असेल तर इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकापेक्षा शेतीचं दैनिक ‘अ‍ॅग्रोवन’ जवळचं आहे. साहेबांना हे सांग. त्यांना गिऱ्हाईक हवंय की नाव, हे त्यांनाच ठरवू दे.

अल्टेअरच्या गोष्टीतला एक भाग मात्र उचलू नकोस. न्यूयॉर्कला मासिकाकडे पाठवलेला एकमेव चालू नमुना वाटेत हरवला, आणि मुखपृष्ठावर फोटो छापला तो रिकाम्या खोक्याचा. ते तेव्हा निभावलं. आज असं चालत नाही, आणि चालूही नये. ‘फॉर्च्युन’ मासिकानं जून २०१४ मध्ये रक्ततपासणीच्या ‘थेरानोस’ कंपनीवर मुखपृष्ठकथा केली. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’च्या जॉन कॅरीरू यांनी त्या कंपनीच्या यंत्राबद्दलचे दावे किती पोकळ आहेत ते बाहेर काढलं, आणि डिसेंबरमध्ये फॉर्च्युनच्या त्याच लेखकाला आपली दिशाभूल कशी झाली हे जाहीर लिहावं लागलं. तेव्हापासून शहाणा संपादक कंपनीच्या तोंडचा दावा जसाच्या तसा घेत नाही. तो विचारणार, हे मोजलं कोणी? तुमच्याखेरीज वापरणारं कोणी आहे का, त्यांच्याशी मी परस्पर बोलू का? याचा राग मानू नका. उलट एखाद्या गिऱ्हाइकाची परवानगी आधीच घेऊन ठेवा आणि ‘यांच्याशी थेट बोला, आम्ही मध्ये नसू’ असं लिहा.

तपासायला उपकरण द्याल तेव्हाही हेच. ठरावीक मुदतीसाठी द्या, परतीचं आधी लिहून ठेवा, आणि ते चालू स्थितीत, वायरी आणि सूचनापत्रकासकट जाऊ दे. त्यांनी त्यात दोष काढला तर काढू द्या. ‘छापण्याआधी लेख आम्हाला दाखवा’ असं म्हणायचं नाही. आकडे आणि तांत्रिक तपशील बरोबर आहेत का हे त्यांनी विचारलं, तर मात्र त्याच दिवशी उत्तर द्या. आणि ‘आम्ही जाहिरात देतो, तुम्ही लेख छापा’ हे वाक्य तुमच्या तोंडून कधीही निघता कामा नये. जाहिरात द्यायची तर जाहिरात विभागाशी बोला, पैसे भरा, आणि त्या पानावर ‘जाहिरात’ असं ठळक छापलं जाईल हे मान्य करा. प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेतही बातमी आणि जाहिरात वाचकाला वेगळी ओळखता आली पाहिजे असं स्पष्ट आहे. पैसे घेऊन लेख छापायला तयार असलेली मासिकं तुम्हाला भेटतील. त्यांच्यापासून लांब राहा, कारण तिथे छापून आलेल्या शब्दाला वाचकाकडे काहीच किंमत नसते.

एम्बार्गोचं तू विचारलं होतंस. ठरलेल्या वेळेआधी बातमी छापायची नाही, एवढाच त्याचा अर्थ. समोरच्यानं आधी हो म्हटलं असेल तरच तो बांधील असतो. माहिती पाठवून देऊन वर ‘एम्बार्गो’ लिहिल्यानं कोणी बांधलं जात नाही. तुमच्या आकाराच्या कंपनीला याची गरज नाही. विषय सोडून दे.

आता तुझ्या लेखाकडे येते, कारण माझा जीव त्यात जास्त गुंतलाय.

तुझ्या मसुद्यात एक खरंखुरं सोन्यासारखं वाक्य होतं, आणि तू ते मधोमध कुठेतरी टाकलं होतंस. दुकानातून आणलेल्या सेन्सरपैकी काही शून्य अंशाला चुकीचं तापमान दाखवत होते. अगं, लेख तोच आहे! डीएस१८बी२० हा सेन्सर छंद म्हणून सर्किटं करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या डब्यात असतो. त्याच्या डेटाशीटमध्ये उणे १० ते ८५ अंशांच्या पट्ट्यात अर्ध्या अंशापर्यंत चूक होऊ शकते असं दिलंय. बाजारात त्याच नावानं नकली चिप सर्रास विकल्या जातात, आणि त्यांची चूक किती याचा भरवसा नाही. द्राक्षं ठेवतात शून्याच्या आसपास. तिथे अंशाचा फरक म्हणजे मालाचं नुकसान. हा प्रश्न तुझ्या कामातून आला, तू तो हातानं तपासलास, आणि कुटलेला बर्फ नि पाणी घेऊन वाचकालाही घरी तपासता येईल. संपादकाला याहून अधिक काय हवं असतं?

‘आयओटीचं भविष्य’ असा विषय तू दुसऱ्या पर्यायात लिहिलायस, तो खोडून टाक. तो कोणीही लिहू शकतं, म्हणून तुझ्याकडून तो कोणाला नको असतो. दिल्लीचं ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ १९६९ पासून निघतंय, आणि वाचकांनी स्वतः जोडून पाहिलेली सर्किटं ही त्याची जुनी ओळख आहे. अशा ठिकाणी हात काळे केलेल्या माणसाचा मजकूर लागतो. तुझा प्रोग्रॅमिंगचा भाग मोठा झाला तर त्यांचंच ‘ओपन सोर्स फॉर यू’ आहे, पूर्वी ते ‘लिनक्स फॉर यू’ होतं. दोन्हीकडे इंग्रजीत पाठवावं लागेल. मी मराठीत सांगते, तू तुझ्या शब्दांत उतरव:

‘महोदय, डीएस१८बी२० या तापमानाच्या सेन्सरच्या नावानं नकली चिपही विकल्या जातात. विकत आणलेला सेन्सर शून्य अंशाला किती चुकतो, हे थर्मास, कुटलेला बर्फ आणि एक मायक्रोकंट्रोलर एवढ्यावर वाचकाला घरी तपासता येईल, अशी पद्धत मी लिहू इच्छिते. वेगवेगळ्या दुकानांतून घेतलेल्या सेन्सरवर मी ती वापरून पाहिली आहे. मोजमापांचा तक्ता, सर्किट, कोड आणि फोटो तयार आहेत. लेख साधारण १,५०० शब्दांचा होईल. मी कोल्ड स्टोरेजसाठी लॉगर बनवणाऱ्या कंपनीत नोकरी करते. लेखात कंपनीच्या उत्पादनाचा उल्लेख नसेल. हा लेख इतरत्र पाठवलेला नाही.’

बस, एवढंच. तुझी पदवी, बक्षिसं, लहानपणापासूनची आवड यांतलं काहीही नको. नोकरीचं वाक्य मात्र गाळू नकोस. ते नसेल आणि संपादकाला नंतर कुठून कळलं, तर लेख कितीही चांगला असो, दार बंद होतं. ते असलं की तो निर्धास्त होऊन वाचतो. शेवटचं वाक्यही खरंच असू दे. एकाच वेळी चार मासिकांना एकच लेख धाडायचा नाही. दोघांनी छापला तर दोघंही दुखावतात. एकाकडे पाठव, दोन-तीन आठवडे वाट पाहा, एक नम्र आठवण कर, तरी उत्तर नाही आलं तर ‘मी हा प्रस्ताव मागे घेते’ असं कळवून दुसरीकडे जा.

कच्ची मोजमापं जपून ठेव. वहीच्या पानाचे फोटो, सेन्सर कुठून आणले त्याच्या पावत्या, मूळ आकारातले फोटो. हल्ली नव्या लेखकाकडे हे मागतात आणि मागायलाच हवं. अमेरिकेत ‘सीनेट’ या तंत्रज्ञानाच्या वेबसाइटनं यंत्राकडून लिहून घेतलेले ७७ लेख छापले होते, आणि २०२३ च्या सुरुवातीला हे उघड झाल्यावर त्यातल्या निम्म्याहून अधिक लेखांत दुरुस्त्या कराव्या लागल्या. २०२५ मध्ये ‘वायर्ड’ आणि ‘बिझनेस इनसायडर’ यांना एका मुक्त लेखिकेच्या नावावरचे लेख काढून टाकावे लागले, कारण ते एआयनं रचलेले असल्याचा संशय पक्का झाला. इतक्या जाणत्या ठिकाणी हे घडलं, म्हणून आता संपादक फोन करून विचारतात, हा बर्फ किती वेळ ठेवला होता, सुरुवातीला आकडा काय होता. तू हे सगळं करून पाहिलंयस, तुला घाबरायचं कारण नाही. इंग्रजी सुधारायला एआयची मदत घेतलीस तर तसं सांग. आकडे आणि अनुभव मात्र तुझेच हवेत.

पैशांचं बोलायला तू लाजशील, म्हणून मीच बोलते. प्रस्ताव मंजूर झाला की लिहायला बसण्याआधी विचार: मानधन किती, कधी मिळेल, कर कापून का. हे विचारणं उद्धटपणाचं नाही, डेस्कवर कोणालाही त्याचं वाईट वाटत नाही. हक्कांचा कागद वाचल्याशिवाय सही करू नकोस. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखीच द्यावे लागतात, आणि किती वर्षांसाठी ते लिहिलं नसेल तर ५ वर्षं धरतात, कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर भारत. ‘सर्व हक्क कायमचे’ असं छापलेलं असेल तर थांब, आणि निदान पुढे पुस्तकात घ्यायची आणि मराठीत लिहायची मुभा मागून घे. बहुतेक वेळा देतात.

दुसरी बाजूही त्याच कायद्यात आहे. नोकरीच्या कामाचा भाग म्हणून तू जे लिहितेस त्यावर, वेगळा करार नसेल तर, कंपनीचा हक्क असतो. म्हणून हा लेख सुटीच्या दिवशी, तुझ्या लॅपटॉपवर, तू पैसे देऊन आणलेल्या सेन्सरवर होऊ दे, आणि साहेबांकडून ‘आमची हरकत नाही’ अशी दोन ओळींची लेखी परवानगी घे. तोंडी हो म्हणालेत, यावर राहू नकोस. उद्या साहेब बदलले तर तुझ्या हातात कागद हवा.

वेळेचंही बघ. मासिकाचा अंक हातात येतो त्याच्या दोन-तीन महिने आधी त्यातले विषय ठरलेले असतात. वर्षभराच्या विषयांची यादी बरीच मासिकं देतात, मागून घे. मराठीत लिहायचं तर ‘मराठी विज्ञान परिषद पत्रिका’ आहे, पुण्याचं ‘सृष्टिज्ञान’ १९२८ पासूनचं आहे. तिथे बर्फाचं पाणी शून्य अंशावरच का थांबतं, यावर लिहिलंस तर मला फार आवडेल. तो वेगळा लेख होईल, आधीच्याचं भाषांतर नको. दिवाळी अंकाचा विचार असेल तर पावसाळ्याआधीच बोलून ठेवावं लागतं, गणपती आले की उशीर झालेला असतो.

नकार आला तर एकदा वाच, आणि त्यात कारण दिलं असेल तर ते लिहून ठेव. कारण देणारा संपादक तुझ्यासाठी वेळ काढतोय. त्याला वाद घालणारं उत्तर लिहू नकोस, आभार मान आणि पुढचा विषय सुचव. माझ्या पाहण्यातले चांगले लेखक बहुतेक असेच आत आले, पहिल्या प्रस्तावानं नव्हे.

तर या आठवड्यात साहेबांची लेखी परवानगी घे, बर्फातल्या सेन्सरचे फोटो दिवसाच्या उजेडात पुन्हा काढ, आणि लेखाचा प्रस्ताव आधी पाठव. कंपनीचं प्रसिद्धिपत्रक त्याच मासिकाला निदान लेखाचा निकाल लागेपर्यंत पाठवू नका.